फिंटनच्या फोनवर गेलेला कोड

फिंटनला जाऊन महिना होत आला होता. महिन्याच्या प्रार्थनेला त्याच्या फोटोचं कार्ड चर्चमध्ये वाटायचं होतं, आणि डिम्प्नाकडे नवऱ्याचा धड एक फोटो नव्हता. सगळे अल्बम त्यानं स्कॅन करून कचऱ्यात घातले होते, वर कॉम्प्युटरमधूनही पुसले होते. "ओल नको, बुरशी नको. सगळं क्लाऊडवर आहे, आता जग बुडालं तरी चिंता नाही!" जत्रेत गाढवाला मिठी मारून हसतानाचा फोटोही तिकडेच. डिम्प्नाला कार्डावर तोच हवा होता.

पासवर्ड तिला ठाऊक होता. तो घातला, तर म्हणे कोड फोनवर पाठवलाय.

फोन शवपेटीत! फिंटनच्या कोटाच्या खिशात तिनंच ठेवला होता. सिगारेटचं पाकीट, पत्त्यांचा जोड आणि फोन. माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं कसं? आणि फुकटचं बिल नको म्हणून नंबरही तिनंच बंद केला होता.

"वहिनी, आता खणायचं का?" दीर मॅलकी म्हणाला.

"तुझ्या जिभेला काही हाड? ते क्लाऊड आहे तरी कुठं, ते सांग!"

मॅलकीनं खिडकीतून बोट दाखवलं. शेतापलीकडे बिनखिडक्यांचं करडं गोदाम रात्रंदिवस घरघरत असे. "असल्याच एखाद्या गोदामात. कॉम्प्युटर कंपनीचे, कुलूप कंपनीचं. ढगबिग काही नाही."

"मेल्यांनो, मग ढग कशाला म्हणता!"

तिनं कंपनीला फोन लावला. मशीननं तासभर पिपाणी ऐकवली, मग एक मुलगी बोलली. डिम्प्नानं खरं ते सांगून टाकलं. "खातं नवऱ्याचं आहे. तो वारला." मॅलकी हातवारे करून गप्प बस म्हणत होता.

"अरेरे, वाईट झालं. तशी नोंद करते हं."

"नोंद कसली करतेस बाई, फोटो दे!"

"खातेदार वारले की खातं बंद होतं, मॅडम. आतलं पुसलं जातं. त्यांनी अटी मान्य केल्या होत्या."

"कधी पुसणार?"

"नोंद केली ना. तेव्हाच पुसलं गेलं."

"अगं सटवे, मी काय पुसायला सांगितलं होतं?" डिम्प्ना एवढ्यानं ओरडली की मॅलकीचा चहा सांडला. पण ओरडून काय उपयोग!

कार्डावर शेवटी लायसन्सवरचा फोटो लागला. ओठ मिटलेले, कपाळाला आठ्या.

"अगंबाई, फिंटन इतका कडक कधी दिसायचा?" प्रार्थनेच्या वेळी शेजारीण कुजबुजली.

"कधीच नाही," डिम्प्ना म्हणाली, आणि भर चर्चमध्ये तिला रडू फुटलं.