भिंत पडली, पेरीकोर्ट उभी!

मी पेरीकोर्ट, इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधली एक जुनी हवेली. किती जुनी म्हणून काय विचारता! माझ्या बागेतली सफरचंदाची झाडं आज म्हातारी होऊन वाकलीत ना, त्यांच्या पणज्यांना मी रोपं असताना पाहिलंय. आणि मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला पाडायला माणसं आली होती, शिड्या आणि पहारी घेऊन आली होती, आणि मी अजून उभी आहे! नुसती उभी नाही, ऐटीत उभी आहे!

पण जन्मापासून सांगते. मी जन्मले ती आडवी. खरंच! सुतारांनी ओकची ताजी, ओली झाडं तोडून आणली आणि माझी एकेक बाजू जमिनीवर निजवून जोडली. कुठलं लाकूड कुठल्या खाचेत बसतं ते विसरू नये म्हणून प्रत्येक सांध्यावर पटाशीनं खुणा कोरल्या. मग एका सकाळी गावातली झाडून सगळी माणसं जमली. दोर बांधले गेले, "ओढा रे! अजून ओढा!" असा गलका झाला आणि मी उठून उभी राहिले. माझ्या सांगाड्यात लोखंडाचा एक खिळा नाही, सगळ्या ओकच्याच खुंट्या. ओक जसजसा वाळतो तसतसा सांधा आवळत जातो. म्हणजे वय वाढलं की माणसं खिळखिळी होतात, आणि मी मात्र घट्ट होत गेले!

मग आले माझे नवे मालक, सर एडमंड व्हिटकॉम. माणूस प्रेमळ, पण पोटात गर्वाचं लहानसं पिल्लू पाळलेलं. एकदा जेवणानंतर त्यांचा शेजारी मिशीवरचा रस्सा पुसत म्हणाला, "एडमंड, हरणाचं मांस फक्कड होतं हो. पण तुझ्या घरी यायचं म्हणजे धान्याच्या लाकडी कोठारात शिरल्यासारखं वाटतं बघ."

झालं! पुढच्या वसंतात गाड्या भरभरून विटा आल्या. माझ्या तोंडासमोर उंच भिंत चढली. दार बरोब्बर मध्ये, दोन्हीकडे सारख्याच खिडक्या, दाराशी पांढरे खांब आणि वर कठडा, म्हणजे माझं उतरतं छप्पर कुणाला दिसायला नको. सगळं कसं फूटपट्टीनं आखलेलं. पण माझ्या स्वतःच्या खिडक्या होत्या जिथं सोय तिथं, मनाला येईल तशा. नव्या रांगेशी त्यांचा मेळ बसेना. वरची एक खिडकी अशी आली की बाहेरून तिच्यात मोलकरणीचे फक्त घोटे दिसायचे! दुसरी नेमकी धुराड्यासमोर आली. तिथं रंगाऱ्याकडून खोटी खिडकी रंगवून घेतली, पडद्यासकट. माझ्या जुन्या खिडक्या विटांमागे गुदमरल्या. आतून आणि मागूनही माझ्या लाकडावर गिलावा फासला. दोनतीन पिढ्यांत मी लाकडाची आहे हे घरातलेही विसरले.

लोक यायचे, बग्गीतून उतरायचे, "वा! काय देखणी वास्तू!" म्हणायचे. मेजवान्या झाल्या, नाच झाले. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण कौतुक असायचं विटांचं. आणि त्या कठड्यामागे पावसाच्या पाण्यासाठी जी पन्हळ लपवली होती, तिच्याकडे मात्र कुणीच वर चढून बघत नव्हतं.

मोठं युद्ध झालं, मग दुसरं झालं. नोकर गेले, घोडे गेले, घरातले मुलगे गेले ते परतले नाहीत. राहिल्या दोघीच. मिस विनिफ्रेड व्हिटकॉम, माझ्याच एका खोलीत जन्मलेल्या, आणि त्यांच्या स्वयंपाकीणबाई मिसेस गॉफ. कावळ्यांनी पन्हळीत घरटी केली. पानं कुजली. पाणी तुंबून भिंतीमागे झिरपू लागलं आणि विटांचं पोट सुटलं. हात जाईल एवढी भेग पडली.

सरकारी तपासनीस प्रॉसरसाहेब आले. भिंतीकडे बघून त्यांनी टोपी काढली, जणू मी मेलेच होते. "मिस व्हिटकॉम, छप्पर याच भिंतीवर तोललंय. ही पडली की सगळं पडेल. हिवाळ्याआधी दुरुस्त करा, नाहीतर हवेली पाडावी लागेल."

दुरुस्ती आवाक्याबाहेर होती. भाचा रोलंड म्हणाला, "अगं आत्या, गावात छोटंसं ऊबदार घर घेऊ. इथं थंडीनं गारठून जाशील."

"इथं जन्मापासून गारठतेय," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "आता सवय मोडायची म्हणजे नसता ताप." पण रात्रीच्या जेवणाला त्या काही बसल्या नाहीत. माझ्या भिंतींवरून हात फिरवत खोल्याखोल्यांतून हिंडल्या. मित्रांनो, मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, "अहो, ही भिंत माझी नाहीच!" पण हवेलीला तोंड असून आवाज कुठे असतो?

शरद ऋतूत माणसं आली. प्रॉसरसाहेब आले. रोलंडनं बाईंची ट्रंक बागेत नेऊन ठेवली. दुपारभर कठड्याच्या विटा निघत होत्या. धाड! धाड! चार वाजले आणि गॉफबाई केकची थाळी घेऊन बाहेर आल्या.

"चला, चहा!"

मुकादम शिडीवरून म्हणाला, "बाई, आम्ही तुमचं घर पाडतोय."

"म्हणून काय चहाचा खाडा पाडायचा? हात धुवा आधी!"

इंग्लंडात चार वाजता कुणाचं काही चालत नाही. सगळे मुकाट्यानं सफरचंदांखाली जाऊन बसले. आणि मिस विनिफ्रेड मुकादमाच्या कपात दूध ओतत होत्या, तेवढ्यात कर्रर्र करत ती सगळीच्या सगळी भिंत, खांब, कठडा, खोटी खिडकी, धडाम्!

धूळच धूळ. विनिफ्रेडबाईंनी डोळे गच्च मिटले. "गेलं का हो सगळं?"

गॉफबाईंनी थाळी गवतावर टेकवली. "बाईसाहेब, डोळे उघडा! अहो, घर आहे तिथंच आहे!"

आणि मी होते! काळ्याभोर ओकच्या तुळया, मधे पांढरा गिलावा, तिरपे टेकू, उतरतं छप्पर! एवढ्या वर्षांनी तोंडावर ऊन आलं, काय सांगू! प्रॉसरसाहेब धावत आले. ओकच्या खांबावर हातोडी मारली, ती टण्णकन उलटी आली. एका खांबाचा पाय कुजला होता, बाकी सगळं ठणठणीत. छप्पर या ओकवरच तोललंय हे त्यांनी वर बघून ताडलं आणि म्हणाले, "मिस व्हिटकॉम, मी ज्याला धोका म्हटलं होतं, ते सगळं तुमच्या गुलाबांवर पडलंय."

"मग हवेली?"

"हवेली पाडायला माझ्याकडे आता कारणच नाही."

मुकादमानं डोकं खाजवलं. "मग आम्ही काय पाडू?"

"केकचा फडशा पाडा," गॉफबाई म्हणाल्या. "आणि रोलंडबाबा, ती ढकलगाडी घ्या. गुलाब गुदमरतायत."

युद्धानंतर विटांना फार मागणी होती. मुकादमानं विटा नेल्या आणि बदल्यात सुतार पाठवले. त्यांनी कुजलेला पाय कापून नव्या ओकचा पाय बसवला, खुंटी मारून, जुन्या रीतीनं.

त्या आठवड्यात विनिफ्रेडबाईंनी आपल्या जन्माच्या खोलीतली विटांमागची जुनी खिडकी जोर लावून उघडली आणि शाळकरी मुलीसारख्या ओरडल्या, "गॉफबाई, वर या! इथून वेल्सचे डोंगर दिसतात! आणि मला मेलीला आज कळतंय!"

तर मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखं कुणी असेल. त्याला नवं तोंड चढवू नका. पाऊस लागण्याआधी एकदा छपरावर चढा, पन्हळीतली पानं काढा, फुटलं कौल बदला, पाण्याला वाट करून द्या. तेवढं करा. उभं राहायचं काम आमच्याकडे!