नसलेलं पान

शहाणीचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. लहानपणी तिला काहीही सांगा, ती लगेच विचारायची, "कशावरून?" दूध प्यायलं की ताकद येते. कशावरून? अंधारात वाचलं की डोळे बिघडतात. कशावरून? आई गेल्यावर मावशी तिला आपल्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "आता हेच तुझं घर." पोरीने तेव्हाही तेच विचारलं. मावशी रडता रडता हसली आणि म्हणाली, "फार शहाणी आहेस." नाव चिकटलं ते कायमचंच.

हीच मुलगी पुढे अन्नशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला पोचली, आणि खरोखर 'कशावरून' विचारायची वेळ आली तेव्हा नेमकी गप्प बसली. शहाण्यांचं असंच असतं. नको तिथे जीभ चालते, हवी तिथे टाळ्याला चिकटते.

प्रबंधाचा विषय होता घरगुती साठवण. चार प्रकरणं तिने मान मोडून लिहिली. पाचवं राहिलं, तारीख जवळ आली, आणि तिने ते एआयकडून लिहून घेतलं. त्याने भराभर लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं, की गरम तेलात मंद शिजवलेला लसूण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरला, तर फ्रीजबाहेरही दोन महिने सुरक्षित राहतो. खाली संदर्भ होता. लेखकाचं आडनाव, वर्ष, नियतकालिक, खंड, पान, सगळं जिथल्या तिथे. तिला क्षणभर शंका आली. मग तिने काय करावं? त्यालाच विचारलं, "हा संदर्भ खरा आहे ना?" ते म्हणालं, "हो, नक्कीच." चोरालाच विचारायचं, बाबा रे, तू चोर आहेस का, आणि तो नाही म्हणाला की सुखाने झोपायचं, अशातला हा प्रकार.

विभागातही आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशीच तऱ्हा होती. मार्गदर्शक सर संदर्भसूची तपासायचे, म्हणजे स्वल्पविराम तपासायचे. वर्ष कंसात आहे का, नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरात आहे का, हे लाल पेनाने बघायचे. लेख उघडून बघायची रीत त्या विभागात कुणी पाडलीच नव्हती. शहाणीच्या सूचीवर एकही लाल खूण झाली नाही. सरांनी ती सूचनाफलकावर लावली आणि खाली लिहिलं, 'अशी असावी.'

घरी मावशीचा ऊर भरून आला. मावशी शिवणकाम करायची. मशीन खोलीच्या खिडकीपाशी, वर एक फळी, फळीवर दोऱ्यांची रिळं. तिला तेलातला लसूण भारी आवडायचा. आजवर ती वाटीभर करायची, फ्रीजमध्ये ठेवायची आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. शहाणीने पाचवं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं, तशी तिने मोठी बाटली भरली आणि रिळांशेजारी ठेवून दिली. शेजारीण म्हणाली, "बाहेर ठेवता? बिघडेल की." मावशी म्हणाली, "आमच्या मुलीने लिहिलंय. ती तपासल्याशिवाय काही लिहीत नाही."

आज सकाळी मावशीला चहाचा घोट गिळवेना. "घसा कोरडा पडलाय गं. आणि डोळ्यांवर कसली झापड येतेय कुणास ठाऊक."

"रात्रभर मालिका बघ अजून," शहाणी म्हणाली आणि वाचनालयात निघून गेली.

वाचनालयात जायचं कारण असं, की बाहेरच्या परीक्षकांनी निरोप धाडला होता. तोंडी परीक्षेला येताना प्रत्येक संदर्भाच्या पहिल्या पानाची प्रत सोबत आणा. मुलांनी परीक्षकांना मनसोक्त शिव्या घातल्या. शहाणीने दुपारपर्यंत बहुतेक प्रती काढल्या आणि शेवटी त्या लसणाच्या लेखाचा खंड मागवला. ग्रंथपालबाईंनी जाड बांधीव खंड टेबलावर ठेवला. सूचीत पान दोनशे एकतीस होतं. खंड एकशे ऐंशीवर संपत होता.

तिने पुठ्ठा उलटून पाहिला. मग अनुक्रमणिका पाहिली. ते आडनाव कुठेच नव्हतं, लसूणही नव्हता.  तिने फोन काढून एआयला विचारलं. उत्तर आलं, "क्षमस्व, तुम्ही बरोबर आहात. असा लेख अस्तित्वात नसावा. तेलातला लसूण फ्रीजबाहेर ठेवणं धोकादायक ठरू शकतं." इतकं गोड, जणू चूक काय, तर चहात साखर तेवढी कमी पडली होती.

विभागाचं नेहमीचं जाडजूड पाठ्यपुस्तक समोरच्याच कपाटात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने ते ओढून काढलं. लसूण जमिनीतले जंतू घेऊन येतो, शिजवूनही त्यांची बीजं मरत नाहीत, तेलात हवा नसते, तिथे ती फोफावतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो, चव नसते. पुढे लक्षणं दिली होती. तोंड कोरडं पडणं. गिळायला त्रास. पापण्या जड होणं. एकाचे दोन दिसणं. नंतर जीभ, मग छाती. वेळेत प्रतिविष मिळालं नाही तर श्वास थांबतो.

सकाळचा चहाचा कप तिच्या डोळ्यांसमोर आला.  तिने मावशीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुस्तक तसंच उघडं टाकून ती जिना उतरली, आणि रस्ताभर एकच म्हणत राहिली, तिने आज खाल्लं नसेल, आज तरी खाल्लं नसेल.

मावशी मशीनपाशीच बसली होती. फोन मांडीवर होता. बाटली निम्मी रिकामी होती. मावशी सुईत दोरा ओवत होती. ही बाई बोलता बोलता, न बघता दोरा ओवायची. आता दोरा सुईच्या शेजारच्या हवेत जात होता, परत येत होता, परत जात होता.

"दोन सुया दिसतायत गं," मावशी म्हणाली. जीभ जड झाली होती. "फोनवरचं बटणही सापडेना."

शहाणीने बाटली पिशवीत कोंबली, मावशीला उठवलं, खाली टॅक्सीत बसवलं. वाटेत तिला धीर धरवला नाही. सगळं भडाभडा सांगून टाकलं, आणि शेवटी जे सांगायला नको होतं तेही बोलून गेली. "कळलं तर माझी पदवी गेली, मावशी." बोलल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली. मावशीने तिचा हात थोपटला आणि डोळे मिटले. मिटले, की आपोआप मिटत होते, तेही सांगता येईना.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी पापण्या उचलून पाहिल्या, हात वर करायला लावले. "काय खाल्लं होतं? बाटलीबंद, डबाबंद, घरी साठवलेलं काही?"

शहाणीने तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीच बोलली. "काही नाही हो. उपाशीपोटी चक्कर आली."

"मेंदूचा झटका असू शकतो," डॉक्टर परिचारिकेला म्हणाल्या. "आधी डोक्याचा स्कॅन करून घेऊ. रांग किती आहे बघा."

मावशीने अर्ध्या पापणीतून शहाणीकडे पाहिलं. गप्प बस, असं ते बघणं होतं. लहानपणी पाहुण्यांसमोर बघायची तसंच. आणि खरं सांगायचं तर शहाणी गप्प बसली. फार वेळ नाही, खाटेची चाकं मोकळी करून ती दाराकडे वळवेपर्यंत. पण तेवढ्या वेळात तिच्या मनात पदवीही येऊन गेली, सूचनाफलकही येऊन गेला.

मग तिने खाटेची दांडी धरली. "थांबा. झटका नाहीये. लसूण खाल्लाय तिने, तेलातला, फ्रीजबाहेर ठेवलेला. रोज खातेय." तिने पिशवीतून बाटली काढून पुढे केली. "बाहेर ठेवायला मी सांगितलं होतं."

डॉक्टरबाईंनी बाटली हातात घेतली. त्यांचा चेहरा बदलला. तेवढ्यात मावशी मान हलवू लागली. परिचारिकेने नुकताच लावलेला प्राणवायूचा मास्क तिने दोन बोटांनी बाजूला केला आणि काहीतरी बोलली. शब्द एकमेकांत गुंतून बाहेर आले.

"काय म्हणतायत त्या?" डॉक्टरांनी विचारलं. "मला कळलं नाही."

शहाणीला कळलं होतं. मावशीचं बोलणं तिला झोपेतही कळायचं.

"म्हणतेय," ती म्हणाली, "आमची मुलगी तपासल्याशिवाय काही लिहीत नाही."

"मग? तपासलं होतं का?"

"नाही."

डॉक्टरबाई प्रतिविषासाठी फोनकडे धावल्या. जाता जाता परिचारिकेला म्हणाल्या, "श्वासावर लक्ष ठेवा, कृत्रिम श्वासाचं मशीन तयार ठेवा." परिचारिका मशीन आणायला वळली. शहाणी खाटेपाशी उभी राहून मावशीच्या छातीकडे बघत राहिली. छाती वर जायची, मग खाली यायची, आणि पुन्हा वर जाईपर्यंत मधे जो वेळ जायचा, तो दर खेपेला जरासा वाढत होता.