थांबले आणि थांबवलं

मित्रांनो, मी सोनाळा गावातला एक जुना फळा आहे. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, काळा रंग जागोजागी उडाला आहे. तरीही मी दया मागायला उभा नाही. मला काही सांगायचं आहे, ते तेवढं ऐकून घ्या.

मला कादर मिस्त्रींनी घडवलं. गावाजवळचं कापसाच्या जिनिंगचं गोदाम मोडलं तेव्हा त्याची सागवानी दारं विकायला निघाली. त्यातल्या एका दारावर रंधा मारून, फटी लांबीच्या लगद्याने बुजवून त्यांनी त्याला काळा रंग दिला. तो मी. मग मी शाळेच्या भिंतीवर चढलो. किती पोरं माझ्यासमोर शिकली, पुढे त्यांची पोरंही शिकली. एके वर्षी वर्गात मोठा टीव्ही आला. नारळ फुटला, फोटो निघाले आणि मला उचलून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मी पावसात भिजलो, उन्हात तडकलो. शेळ्या येऊन अंग घासून जात. शेवटी कादर मिस्त्रींनीच मला घरी आणलं, पण तेही दिवाण करायला. त्यांनी करवत उचलली तेव्हा त्यांची मुलगी मुबीना आडवी आली. म्हणाली, "अब्बा, इसको मत काटो. मेरे काम का है."

मुबीना इंग्रजीत एम.ए. झाली होती. नोकरी लागत नव्हती. तिने मला ओसरीत उभं केलं आणि संध्याकाळचा वर्ग सुरू केला. दुकानात काम करणाऱ्या, नर्सिंग शिकलेल्या, कॉलेज अर्धवट सुटलेल्या मुली येऊ लागल्या. मोडक्या लाकडावर कसली इंग्रजी शिकवते, असं चौकात लोक बोलले. मुबीनाने त्यांना उत्तर दिलं नाही आणि वर्गही बंद केला नाही.

ती मुलींकडून नुसते शब्द पाठ करून घेत नसे. क्रियापद कोणाला सोबत घेऊन चाललंय ते आधी पाहा, असं तिचं सांगणं असे. 'लुक' म्हणजे पाहणं, पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं आणि 'लुक डाऊन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणं. मुली गोंधळल्या की ती मराठीकडे वळायची. "आपल्यातही हेच हाये ना? 'केलं' म्हटलं त कोणी दचकत नाई. 'करून बसली' म्हटलं की घरचे धावत येतात." मुली हसायच्या आणि धडा डोक्यात पक्का बसायचा.

त्यांच्यातच दीपमाला होती. ती तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. एका संध्याकाळी ती आली, पण वर्गात बसेना. चेहरा पार उतरलेला. मुबीनाने विचारलं तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली.

त्या दवाखान्यात डॉक्टरांना मोबाइलवर पाठवायचा निरोप इंग्रजीतच लिहायचा नियम होता. गावातल्याच कलाबाई तापाने तिथे भरती होत्या. सलाइनमधून औषध सुरू होताच त्यांच्या अंगावर गांधी उठल्या. दीपमालाने औषध तिथल्या तिथे बंद केलं. डॉक्टरांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग घाईघाईत तिने एकच वाक्य पाठवलं, 'आय स्टॉप्ड टु गिव्ह इंजेक्शन'. गांधींचं लिहायचं राहिलं. पुढच्या पाळीच्या नर्सला मात्र तिने सगळं तोंडी सांगितलं होतं. त्या नर्सने डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की औषध दिल्याचा निरोप आलाय, पुढचा डोस द्या. त्या डोसाने कलाबाईंचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. त्या थोडक्यात वाचल्या. आता दवाखाना दीपमालाकडून चुकीच्या निरोपाबद्दल माफीनामा मागत होता आणि तो देईपर्यंत कामावर येऊ नको म्हणत होता.

मुबीनाने खडू घेतला आणि माझ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'स्टॉप्ड टु गिव्ह' म्हणजे देण्यासाठी थांबले. 'स्टॉप्ड गिव्हिंग' म्हणजे देणं थांबवलं. दीपमालाने त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मला वाटलं, ही आता रडणार. पण तिने डोळे पुसले आणि सरळ विचारलं, "म्हणजे माही इंग्रजी चुकली. औषध बंद करणं त चुकलं नाई ना?"

"नाई."

"मंग मी माफी कायची मागू?"

दोनच दिवसांत दवाखान्याचे व्यवस्थापक अर्जुनराव गाडी घेऊन ओसरीत हजर झाले. टाइप केलेला कागद त्यांच्याकडे तयारच होता. ताई, ही नुसती औपचारिकता आहे, सही करा आणि उद्यापासून कामावर या, असं ते गोड बोलून सांगत होते. मुबीनाने कागद मागितला आणि त्यातलं एक वाक्य माझ्यावर जसंच्या तसं उतरवलं, 'आय अ‍ॅडमिट गिव्हिंग द इंजेक्शन'. मग मुलींना विचारलं, 'अ‍ॅडमिट'च्या मागे 'गिव्हिंग' आलं, अर्थ काय झाला? अख्खा वर्ग एका आवाजात म्हणाला, "औषध दिल्याचं मी कबूल करते."

म्हणजे सही केली की सगळा दोष दीपमालाच्या माथी. अर्जुनराव चुळबुळले. इंग्रजीचा एवढा कीस काढायची गरज नाही म्हणाले. तेवढ्यात कलाबाई काठी टेकत आल्या. गाडी पाहून त्यांना सुगावा लागला होता.

"मी होशात होती," त्या म्हणाल्या. "ह्या पोरीनं औषध बंद केलं अन् मले म्हणे, मावशी, हे तुमाले सोसत नाई. मंग दुसरा डोस काऊन देला, ते तुमच्या डॉक्टरले इचारा."

दीपमाला उठली, तिने मुबीनाच्या हातातला खडू घेतला आणि माझ्यावर स्वतः लिहिलं, 'आय स्टॉप्ड गिव्हिंग इट. आय रिफ्यूज टु साइन.' मग अर्जुनरावांकडे वळून म्हणाली, "साहेब, तुम्ही मराठी, डॉक्टर मराठी, कलामावशी मराठी. त्या दिवशी मले मराठीत लिहू देलं असतं त हा डोस गेलाच नसता. सही मी करत नाई."

तिला कामावरून काढलं. पण कलाबाई मुलाला घेऊन दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टर भेटेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत. भरल्या व्हरांड्यात त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. बाकीच्या नर्सही बोलू लागल्या. शेवटी तो नियम गेला. आता निरोप मराठीत लिहिला तरी चालतो. दीपमालावरचा ठपका सगळ्या नर्सेससमोर मागे घेतला, तेव्हाच ती परत रुजू झाली. डॉक्टरांनी मात्र तिची माफी कधी मागितली नाही. दीपमालानेही वर्गाला येणं थांबवलं नाही. उलट तिच्या दोन मैत्रिणी सोबत येऊ लागल्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मागे माझा कोणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला आत घ्या. ओल्या फडक्याने पुसा, रंग उडालाय तिथे नवा द्या. आणि त्याच्यावर बेधडक लिहा. चुका, पुन्हा लिहा, कोणाच्या हसण्याला भिऊ नका. चुकलेलं वाक्य आम्ही फळे हसत पुसू देऊ. पण खोट्या वाक्याखाली तुम्ही केलेली सही पुसण्याची ताकद आमच्यात नाही.