चार दिवसांचं दही

आमच्या ईडन प्रेरी गावाहून निघताना मी पिशवीत दह्याचा स्टीलचा डबा ठेवला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, राजीवनं, कपाळावर हात मारला. "पद्मिनी, लोक कनू ट्रिपला बग स्प्रे नेतात!" मी म्हटलं, तू गुडघ्याला बर्फ लाव आणि गप्प बस. त्याचं ऑपरेशन झालं नसतं तर लेकीबरोबर, रुहीबरोबर, तोच आला असता. दरवर्षी कनू, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, घेऊन चार दिवस तळ्यांवर बापलेकच यायचे.

यंदा मी हट्टानं आले. कारण ट्रिप संपली की रुही तळ्याकाठच्या पार्किंग लॉटमधूनच अलास्काला निघणार होती, अस्वलांवर रिसर्च करायला. नोकरी पक्की, परत यायचं नाव नाही. निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, म्हणजे माणूस सुखरूप घरी परत येतं. मी परदेशी निघाले तेव्हा माझ्या आईनंही मला घातलं होतं. मी सत्तावीस वर्षं इथंच राहिले, ही गोष्ट वेगळी.

रोज मुक्कामाला पोचलो की तो डबा जाळीच्या पिशवीत घालून मी तळ्याच्या गार पाण्यात बांधून ठेवायची. रुहीला मात्र ताकास तूर लागू दिली नाही. सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि ते मला सोसलं नसतं.

शेवटच्या सकाळी पिशवी ओढली तर हलकी लागली. डबा रिकामा! वर घासून लख्ख!

"रुही!" मी अशी ओरडले की समोरच्या पक्ष्यानं पाण्यात बुडीच मारली.

ती तंबू गुंडाळत होती. "आई, खूप आंबट झालं होतं ते. वाया जाईल म्हणून कालच्या भाताबरोबर खाल्लं. व्हॉट्स द बिग डील?"

"बिग डील? अगं, तुझ्या हातावर घालायला आणलं होतं ते! चार दिवस जपलं मेलं, आणि तू हादडून मोकळी!"

ती खाली बघून तंबू गुंडाळत राहिली. मी रिकामा डबा पिशवीत कोंबला. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, पण तो रागच होता असं कुठं आहे? मला रडायचं होतं.

शेवटचं तळं पार करायला तासभर लागला. कनूत मी पुढं, ती मागं. पुढच्याला मागचं माणूस दिसत नाही. चार दिवस मी तिचं नुसतं वल्हं ऐकत होते. वळून तिला डोळे भरून बघावंसं वाटत होतं, पण वळलं की कनू डुलते आणि ती ओरडते, "आई, सिट स्टिल!" नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "माझे मोजे ओले झालेत." ती म्हणाली, "बॅगेत ड्राय आहेत."

काठाला लागलो. तिनं एकटीनं कनू उचलून माझ्या गाडीवर बांधली. तिची गाडी छतापर्यंत भरलेली होती. किल्ली हातात घेऊन ती थांबली, आणि जॅकेटच्या खिशातून लवंगांची छोटी डबी काढली.

"तूच सांगतेस ना, दही कधी संपवायचं नाही, विरजणाला ठेवायचं. मी ठेवलं होतं. तिकडे दही लावायला." तिनं डबी माझ्या हातात दिली आणि उजवा तळवा पुढं केला. "घे, घाल. सगळं घाल."

आत नखाएवढं दही होतं. हातावर घातलं तर विरजणाला काही उरणार नव्हतं. देवा, किती मोह झाला मला! पोर स्वतः हात पसरून उभी होती.

माझी आई आठवली. तीही अशीच दही हातात घेऊन उभी होती.

मी झाकण लावलं आणि डबी तिच्या मुठीत कोंबली. "दूध कोमट घे. कढत दुधात घालशील तर नासेल. आणि ही कूलरमध्ये ठेव, सीटवर टाकू नकोस."

"आणि हातावर?"

"राहू दे. दही घट्ट लागलं की फोन कर. मीच येईन खायला."

तिनं मला घट्ट मिठी मारली. केसांना शेकोटीचा वास होता. मग तिची गाडी झाडांमागं वळली.

मी माझ्या गाडीत बसले, तो स्टीलचा डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं. पोरीनं कणही ठेवला नव्हता. तरी मी आतून बोट फिरवलं आणि चाटलं.