चाळीस भाकऱ्यांचा वाटा

सातपाटीतल्या कोळ्याच्या घरात सलग बावीस दिवस भाजी शिजली, असं सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही. पण शिजवणारी मीच होते. दुधी, दोडका, पडवळ, परत दुधी. बाजूच्या अंगणात बोंबील वाळतायत, समोरच्या घरातून तळणाचा वास येतोय आणि आम्ही चौघं मान खाली घालून दुधी गिळतोय! बाविसाव्या दिवशी मी तो दुधी चिरताना असा काही आपटला की सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "अगो, त्याचा काय दोष?"

दोष होता माझ्या सासऱ्यांचा. बळवंत नाव. बेचाळीस वर्षं समुद्रात काढलेली, त्यातली निम्मी तांडेल म्हणून. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा. आमच्या घरात तर पहिलाही त्यांचाच आणि शेवटचाही. या वर्षी त्यांचे गुडघे गेले. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या आणि बाबा पहिल्यांदाच धक्क्यावर उभे राहून हात हलवत होते. माझा नवरा ललित तारापूरच्या कारखान्यात आहे, त्याला होडीत बसवलं तर खाडीतच उलटी होते. म्हणजे आता आमच्या घरचं कुणीच कुठल्या बोटीवर नव्हतं.

आता इथली रीत सांगते. बोटीवर राबणाऱ्या प्रत्येकाला पगाराशिवाय खायचा वाटा मिळतो. बोट परत आली की कालवणापुरतं, तळणापुरतं म्हावरं, म्हणजे मासे, ज्याच्या त्याच्या घरी जातं. बेचाळीस वर्षं या घरात म्हावरं आलं ते असंच. त्यामुळे बाबांनी गणपती गेल्या गेल्या जाहीर करून टाकलं, "आमच्या घरात म्हावरं इकत येत नाय. आलं तर वाट्याचं, नायतर नाय." सुकी मासळी पावसाळ्यातच संपली होती. मग राहिला दुधी.

मी मूळची बार्शीकडची. वडील कारखान्यात लागले म्हणून बोईसरला वाढले. लग्न होऊन आले तेव्हा मला माशाचं शेपूट कुठलं आणि डोकं कुठलं एवढंच कळायचं. बाबांनी शेजारी बसवून खायला शिकवलं. एकेक काटा काढून दाखवायचे, "हा मधला, हे बाजूचे, आणि हा बारीक हाय ना, तो लबाड." माझ्या वडिलांनीसुद्धा मला इतक्या मायेने भरवलं नसेल. म्हणून तर मला राग येत होता! मला मासे हवे होतेच, खोटं कशाला बोलू, पण हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता. अर्धी भाकरी खायची आणि ताट सारायचं. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. सासूबाई, मंजुळा त्यांचं नाव, एरवी तोंडाने फटकळ बाई, पण त्या दिवसांत नवऱ्याच्या ताटाकडे बघायच्या आणि गप्प उठून जायच्या. म्हातारा असाच संपेल की काय, ही भीती आम्हा दोघींना होती. बोलत कुणीच नव्हतं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पहिला उपाय केला तो साधा. बोईसरच्या बाजारातून दोन पापलेटं घेतली, घरी येऊन सांगितलं की धीरजदादाने वाट्यातले दिले. धीरज म्हणजे बाबांच्या जागी आता जो तांडेल आहे तो. बाबांच्याच हाताखाली शिकलेला, शेजारीच राहतो. बाबांनी एक पापलेट उचललं, कल्ला वर केला आणि आत बघितलं.

"धीरजची बोट कधी आली?"

"आज सकाळी," मी म्हटलं.

"आनि हा दहा दिवस बर्फात झोपलाय. बोट सुटायच्या आधीच जाळ्यात आला काय?" पापलेट परत पिशवीत ठेवून बाबा उठले. "पोरी, माझे गुडघे गेलेत. डोळे नाय गेले."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. ती पापलेटं शेवटी ललितने कारखान्यातल्या मित्राला देऊन टाकली.

दुसरा उपाय सासूबाईंनी केला. त्यांनी धीरजच्या बायकोच्या, शालूच्या, कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी धीरज स्वतः टोपलीत सुरमई घेऊन दारात. बाबांनी त्याला बसवलं, चहा पाजला, समुद्राची, जाळ्याची सगळी चौकशी केली आणि जाताना टोपली त्याच्याच हातात परत दिली. "तुझ्या घरी पोरं हायत. मी काय भिकेला लागलो नाय." धीरज खाली मान घालून गेला. तो बोटीवर आठ माणसांना हुकूम सोडतो, पण बाबांसमोर अजून त्याचा आवाज फुटत नाही.

म्हणजे विकत नको आणि फुकटही नको! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "या माणसाचा मान घालू काय त्या कालवनात?"

मग एके दुपारी मी शालूकडे बसले होते. ती नवऱ्याच्या बोटीवर द्यायचं सामान बांधत होती. तांदूळ, कांदे, मसाला, पाव. पाव भरता भरता कुरकुर चाललेली. "सहा दिवस जातात. पाव दोन दिवसांत बुरशी धरतो. तांदळाच्या भाकऱ्या पयल्या दिवशी मऊ, दुसऱ्या दिवशी आंबट. मग नुसता भात नि म्हावरं, भात नि म्हावरं. खलाशी वैतागतात."

माझ्या डोक्यात चक्क उजेड पडला. आमच्याकडे सोलापूर भागात कडक भाकरी करतात. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर ठेवून ठेवून पापडासारखी कुरकुरीत वाळवायची. महिनाभर काही होत नाही तिला. माझी आई अजून करते. माझ्याकडे बार्शीच्या ज्वारीचं पीठ भरलेलं होतं.

"शालू," मी म्हटलं, "बोट कधी सुटते?"

"परवा."

"पाव काढ बाहेर."

दोन दिवस शालूच्याच स्वयंपाकघरात, तिच्या दोन्ही शेगड्यांवर, मी चाळीस भाकऱ्या थापल्या. आमच्या घरी केल्या असत्या तर बाबांनी चौकशी केली असती. त्यांना माझी ज्वारीची भाकरी तशीही फारशी पसंत नव्हती. या किनाऱ्याला भाकरी म्हणजे तांदळाची, पांढरीशुभ्र. पहिल्या वर्षी माझी भाकरी बघून त्यांनी विचारलं होतं, "ही भाकर हाय का कौल?" मी तेव्हा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. असो. हात भाजले, खांदे भरून आले, शालूने हसून हसून जीव घेतला, पण चाळीस भाकऱ्या पत्र्याच्या डब्यात भरून बोटीवर गेल्या.

सहा दिवसांनी बोट आली. धीरज जेटीवरून थेट रिकामा डबा घेऊन शालूकडे. मी तिथेच ठाण मांडून होते.

"वहिनी, कमाल केलीत! पाचव्या दिवशीपन तशीच कुरकुरीत. आमी कालवनात चुरून खाल्ली. शेवटच्या दोन भाकऱ्यांवरून भांडन झालं. पुढच्या फेरीला पन्नास द्या. किती पैसे द्यायचे बोला."

"पैसे नकोत."

"असं कसं?"

"वाटा हवा. खायचा वाटा. बोटीवरच्या माणसाला देता तसा."

धीरजने शालूकडे बघितलं. शालूने छताकडे.

"वहिनी, वाटा बोटीवर राबनाऱ्याचा असतो. तुमी तर..."

"मी नाही राबले? हे हात बघा." मी भाजलेली बोटं त्याच्या नाकासमोर धरली. "इंजिनाला डिझेल लागतं ना? तसं तुम्हाला भाकरी लागते. तुमचे आठजण सहा दिवस माझ्या हातचं खाऊन जाळी ओढत होते. मी बोटीवर नव्हते, माझं काम होतं."

तो डोकं खाजवत राहिला. आजवर बाईला कधी वाटा दिलेला नाही, लोक हसतील, असं काहीबाही पुटपुटला. मग शालूच म्हणाली, "हसतील ते हसतील. पुढच्या फेरीला तुला वहिनींची भाकरी पायजे ना? मग दे."

संध्याकाळी बाबा ओटीवर बसले होते. धीरज टोपली घेऊन आला तशी बाबांच्या कपाळाला आठी पडली. मी आत दाराआड उभी. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला. हेही परत गेलं तर माझ्याकडे पुढचा उपायच नव्हता.

"धीरज, मी मागं काय सांगितलं?"

"तांडेल, हे तुमाला नाय." धीरज कसाबसा म्हणाला. बाबांना सगळे अजून तांडेलच म्हणतात. "हा अर्चनावहिनींचा वाटा हाय."

"कुणाचा?"

"तुमच्या सुनेचा. बोटीला भाकऱ्या त्यांनी दिल्या. चाळीस. पैसे घेत नायत, वाटा मागतात. मी दिला."

बाबा टोपलीकडे वाकले. टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. आत दोन शिंगाळे आणि एक मध्यम पापलेट. बाबांनी तिन्ही मासे उलटेपालटे करून बघितले. मग हाक मारली, "अर्चना!"

मी बाहेर आले.

"भाकऱ्या तू दिल्यास?"

"हो."

"बोट किती दिवस बाहेर होती?"

"सहा."

"सहाही दिवस पुरल्या?"

"पुरल्या," धीरजच म्हणाला. "सगळ्यांना पुरल्या."

"आनि खलाशाला काय वाटा दिलास?"

धीरज गडबडला. "तीन शिंगाळे, दोन पापलेट आनि... या खेपेला सुरमई बरी लागली, म्हनून एकेक सुरमई."

"मग हा काय हाय?" बाबांनी टोपलीवर हात आपटला. "माझी सून काय अर्धी खलाशी हाय? सहा दिवस आठ मानसं जगवली तिनं, नि तू तिला अर्ध्या वाट्यावर वाटेला लावतोस? एकवीस वर्षं वाटे केलेत मी! कुनाचा एक बोंबील कमी पडू दिला नाय! चल धक्क्यावर!"

"तांडेल, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे हायत. चल!"

आणि गेले की! गेले वीस-बावीस दिवस ओटीवरून न उठलेला माणूस काठी टेकत, शिव्या घालत, भर गल्लीतून धीरजला पुढे घालून जेटीकडे निघाला. मागे मी, माझ्यामागे पदर खोचून सासूबाई, त्यांच्यामागे शालू. बघायला अर्धी आळी दारात. बाबा वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "सुनेचा वाटा आनायला चाललोय." मला लाजेने जमीन दुभंगावी असं वाटत होतं, आणि आनंदाने नाचावंसंही. जेटीवर बाबांनी स्वतः निवडून टोपली भरली. धीरजने वर आणखी मूठभर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, टाकली तर ती उचलून परत केली. "वाट्याबाहेरचं नको."

घरी आल्यावर सासूबाईंनी सुरमई कापली आणि शिंगाळ्याचं कालवण मला करायला लावलं. "वाटा तुझा, टोप तुझा." लसूण ठेचून तेलात टाकला, घरचा मसाला, हळद, चिंचेचा कोळ, पाणी. उकळी फुटल्यावर तुकड्या सोडल्या. मी सवयीने डाव घातला तर दारातून बाबा ओरडले, "डाव नको! टोप धरून हलव! तुकडी मोडेल!" मीठ किती, आच किती, पापलेट तळायला तांदळाचं पीठ किती, सगळं दारातून चाललेलं. मी दोनदा म्हटलं, "बाबा, जरा गप्प बसता का?" ते एकदाही गप्प बसले नाहीत. किती दिवसांनी त्यांचा आवाज घरात घुमत होता, काय सांगू.

भाकऱ्या मी हट्टाने ज्वारीच्याच केल्या. माझा वाटा, माझी भाकरी.

पानं वाढली. या घरात वाटा आणणाऱ्याचं ताट पहिलं. तो बसल्याशिवाय, त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. इतकी वर्षं ते ताट बाबांचं. मी ते त्यांच्यासमोर ठेवलं, तर त्यांनी ते सरकवून माझ्यापुढे केलं.

"बस."

"अहो बाबा, मी मागून जेवते, तुम्ही..."

"वाटा कुनाचा हाय? बस खाली."

मी बसले. त्यांनी स्वतःच्या हाताने सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात घातली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिले. सासूबाईही, ललितही. एवढी माणसं टक लावून बसल्यावर घास काय घशाखाली उतरतोय! पण उतरवला. इतकं चांगलं कालवण माझ्या हातून कधी झालं नव्हतं. डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

मग बाबा जेवले. पहिली भाकरी कालवणात बुडवून. दुसरी तळलेल्या पापलेटाबरोबर. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचीसुद्धा हिंमत करत नव्हतो. दुसरी संपली तेव्हा त्यांनी ताटातला रस्सा बोटाने पुसून घेतला आणि म्हणाले, "अजून हाय काय?"

भाकरी संपली होती. मी हात धुवायला उठू लागले तर त्यांनी मला दटावलं.

"तू बस. कमवनाऱ्याला ताटावरून उठवत नाय." आणि ललितकडे वळले. "तू ऊठ. बायकोनं थापलेल्या एवढ्या बघितल्यास, एक तरी येत असेल."

ललित उठला. परातीत पीठ, ओट्यावर पीठ, त्याच्या भुवईवर पीठ. सासूबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. शेवटी जी आली ती एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेली आणि मधे भोक.

बाबांनी ती उलटसुलट करून बघितली, कालवणात चुरली आणि सगळी खाल्ली.