देवीदासची फटफटी चाळीसच्या वर का थरथरायची

कुरुदच्या वाटेवर त्या रविवारी भिलाईचा निम्मा कारखाना उभा होता. सेक्टर दोनची माणसं सायकली दामटत आली होती, दुर्गहून बाया टांगे करून आल्या होत्या, आणि शेंगदाणेवाल्यानं देवाच्याही आधी येऊन जागा धरली होती. सगळ्यांच्या माना देवीदासच्या जुन्या फटफटीकडे वळलेल्या.

आधी देवीदासनं ती एकदा पळवून दाखवली. काट्यानं चाळीस मैल ओलांडले मात्र, हँडल असं झडझडू लागलं की अंगात आलेल्या बाईनंही थांबून पाहावं. मग चक्रधर महाराज उठले. अंगावर भगवी कफनी, मनगटाला सोनेरी घड्याळ. पुढच्या चाकाच्या तारांना, अगदी कडेजवळ, एक तांब्याची जाड नळी बांधलेली होती. गाडी नवी घरात आली तेव्हा, दसऱ्याच्या पूजेला, ती महाराजांनीच रक्षणासाठी बांधून दिली होती. आता तिच्या बरोबर समोरच्या कडेला त्यांनी तशीच दुसरी आवळली.

"ये पहिया नहीं, बेटा, काळाचं चक्र आहे! एका ताबिजानं भूत पकडलं, दुसऱ्यानं बांधलं. जा, उडव!"

देवीदासनं उडवली. पन्नास. पंचावन्न. हँडल गरीब गाईसारखं गप्प. लोकांनी जयजयकार केला. देवीदासही हसला. कारखान्यात तो भट्टीला हवा देणाऱ्या मोठ्या पंख्यांवर कामाला होता. महाराज दुसरी नळी समोर आवळत होते तेव्हा त्याच्या बोटांना ते काम कुठंतरी ओळखीचं वाटलं होतं. त्यानं बोटं खिशात घातली.

कारण चमत्काराला एक अट होती. घरातली टोनही बाहेर काढायची. टोनही म्हणजे इकडची चेटकीण, आणि ती कोण हे महाराजांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. फटफटीवर मागं कोण बसतं? बायको, मथुरा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा कुणाचा रिकामा? मथुराचाच. तिच्या पाटल्या नि गळ्यातली मंगळसूत्राची पोत 'बाधलेली' म्हणून शिवनाथ नदीत सोडायला महाराजांच्या झोळीत गेली. उद्याच्या गाडीनं तिला तुमसरला माहेरी पाठवायचं ठरलं. टोनही म्हणून परत आलेल्या लेकीला माहेरही दार उघडत नाही, हे ठरवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. देवीदासच्या आईनं, भागाबाईनं, गोंदियाची रुक्मा आधीच पाहून ठेवली होती. पोरगी गोरी होती. देवीदासच्या श्रद्धेला त्या रंगानं बरीच बळकटी आली होती.

जयजयकार चालू असतानाच गर्दीतून शेजारच्या वसुंधराबाई पुढं आल्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी मथुराला दंडाला धरून आणलं होतं. तिच्या पदरावर कुणाची तरी ताजी थुंकी होती.

"महाराज, भूत चाकात आहे की हिच्यात?"

"औरत में! तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला नाही दिसायचं."

"मग दोन्ही ताबिजं काढू. मथुरा मागं बसेल. भूत तिचं असेल तर गाडी थरथरेलच."

भागाबाई किंचाळली, "कावून बसवता तिले? माह्या पोराचा जीव घ्याले?"

पण फुकटात मरण पाहायला मिळतंय म्हटल्यावर गर्दी एकाएकी प्रयोगाच्या बाजूची झाली. "होऊन जाऊ द्या, बाई!"

मथुरा बसली. नवऱ्याच्या खांद्याला तिनं हात लावला नाही. सीटची कड धरली. फटफटी गेली, पंचावन्नवर पळाली आणि तशीच गुळगुळीत परत आली. शेंगदाणेवाल्याची पुडी बांधता बांधता तशीच राहिली.

महाराज खाकरले. "मी इथं उभा आहे ना. माझ्या तेजानं भूत दबलं."

"उत्तम!" वसुंधराबाई म्हणाल्या. "मग पहिलं ताबीज एकटंच बांधू, आणि मागं तुम्हीच बसा. तेज अगदी जवळ राहील."

महाराजांना एकदम आपली गुडघेदुखी आठवली, मग मौनव्रत आठवलं. पण भक्तांनी त्यांना प्रेमानं उचलून सीटवर ठेवलं. "बसा ना महाराज, आमाले दर्शन होईल!"

काटा चाळीसवर आला आणि हँडल झडझडलं. महाराजांची कफनी डोक्यावर गेली. देवीदास वळून परत येताना, अगदी गर्दीसमोरच, महाराज पृथ्वीवरच्या भाषेत ओरडले, "थांबव रे गाढवा! काढ ती नळी! शिसं भरलंय तिच्यात! मरू ना दोघंही!"

वसुंधराबाईंनी गाडी स्टँडवर चढवून पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चाक थांबलं, नळी खाली. पुन्हा फिरवलं. पुन्हा नळी खालीच.

"चाकाची ही बाजू जड. हळू असताना कळत नाही. वेगात हेच ओझं चाकाला उचलून आपटतं. समोर तेवढंच दुसरं ओझं बांधलं की दोन्ही एकमेकांना तोलतात. रोगही यांनीच बांधला आणि औषधही यांनीच."

पुढं महाराजांना जे चोपलं, ते चोपणारे सकाळी त्यांच्या पाया पडणारेच होते. मथुराच्या पदरावर थुंकलेला माणूस त्यात सर्वांत पुढं होता. झोळी उलटी झाली. पाटल्या, पोत, सगळं धुळीत.

भागाबाई लगबगीनं आली. "चाल माय घरी. आमाले का माहीत होतं?"

मथुरानं सासूकडे पाहिलंच नाही. ती देवीदासला म्हणाली, "तुमी तर पंख्याले रोज हेच करता. जेवताना मलेच सांगत होते. पंखा थरथरला की फिरवून पाहा लागते, जड बाजू खाली येते, मंग समोर वजन लावा लागते. खरं सांगा, तुमाले कधी समजलं?"

'आत्ता' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. देवीदासला ते म्हणायला जरा उशीर झाला.

मथुरानं वाकून पाटल्या उचलल्या, पदरानं पुसून हातात चढवल्या. पोत तिथंच राहू दिली, आणि वसुंधराबाईंबरोबर चालू लागली. रुक्माच्या बापानं आठवड्याभरात नकार कळवला. जो एका बायकोला चाकापायी टाकतो त्याला दुसरी कोण देणार?

फटफटी थरथरली तर चाक फिरवून पाहावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय होतं ते उघड्या डोळ्यांनी बघावं. याला गुरू लागत नाही, ताबीज लागत नाही. ही विद्या देवीदासला येतही होती. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना तो ती रोज आत ठेवून येई, कारण घरी तिची अडचण होती. आपणही कुठल्या फाटकात काय ठेवून येतो, ते ज्यानं त्यानं पाहावं. एखादी मथुरा माहेरच्या गाडीत बसण्याआधी पाहावं.