जपानी फोनचं कुलूप

"आई, दाराबाहेर पाऊल टाकू नकोस!" मैत्रेयी सिंगापुरातल्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये एवढ्यानं ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

लॅपटॉपवर नंदाताई दिसत होत्या, ओसाकाच्या विमानतळावर, बॅग कवटाळून. घ्यायला येणारा मुलगा सारंग ऐनवेळी बायकोला, सुलेखाला, घेऊन हॉस्पिटलात धावला होता. बाळाला महिनाभर आधीच घाई झाली होती. "आई, बसमध्ये बस, कुठे उतरायचं ते फोनवर सांगतो," एवढाच त्याचा निरोप.

आणि फोनच चालेना. नंदाताईंनी तिथे नवं सिम घेतलं, ते फोननं साफ नाकारलं. फोन मैत्रेयीच्या बाबांचा, निशिकांतरावांचा, टोकियोच्या नोकरीतला. ज्या मोबाइल कंपनीकडून घेतला तिचंच सिम त्याला चाले, दुसरं घातलं की कुलूप. सिंगापुरात तो घरच्या वायफायवर नुसते अभंग ऐकवायचा, त्यामुळे हे कुणाला कळलंच नव्हतं. "जपानचाच फोन, जपानात नाही चालणार तर कुठे?" म्हणत नंदाताईंनी तोच पर्समध्ये टाकला होता. काटकसर अंगाशी येते ती अशी. विमानतळाचं वायफाय दारापर्यंतच. जपानी भाषेचा गंध नसलेली बाई त्यापुढे कुठे हरवली तर शोधायचं कसं?

कुलूप घरबसल्या काढता येत होतं. कंपनीच्या वेबसाइटवर बाबांचं खातं उघडलं. आता फक्त चार आकडी पासवर्ड हवा होता. तीनदा चुकला की खातं बंद, मग मालकानं स्वतः जपानच्या दुकानात हजर व्हायचं. मालक सोफ्यावर बसून खिडकीबाहेर बघत होता. निशिकांतरावांचं विसरणं हल्ली फार वाढलं होतं. 'नंदा कुठे गेली' हे ते सकाळपासून विचारत होते.

"बाबा, पासवर्ड काय ठेवला होता?"

"नंदाचा वाढदिवस," ते चटकन म्हणाले.

मैत्रेयीचा जीव भांड्यात पडला. एक जून. तिनं आधी दिवस, मग महिना टाकला. चूक. मग जपानी पद्धतीनं आधी महिना. तेही चूक.

"अगं, जून कसला!" नंदाताई रडवेल्या झाल्या. "तो शाळेत घालताना गुरुजींनी लावला. आमचा निम्मा वर्ग एक जूनचाच! सालही त्यांच्याच मनचं."

"मग खरा कधी?"

"कोजागिरीचा. तारीख कोण लिहून ठेवतंय? आणि ह्यांना कुठलं ठाऊक! लग्नापासून एक जूनलाच श्रीखंड आणतात."

नंदाताईंच्या मागे बसची रांग पुढे सरकू लागली. एकच संधी उरली होती. मैत्रेयी सोफ्यापाशी जाऊन बाबांसमोर खाली बसली.

"बाबा, आईचा वाढदिवस कधी असतो?"

"कोजागिरीला," ते म्हणाले. "सासूबाईंना विचारलं होतं मी. पानशेतच्या पुराच्या वर्षीची कोजागिरी. टोकियोत एकटा होतो ना, तेव्हा बसून पंचांगातून तारीख काढली, तेवीस ऑक्टोबर. एक, शून्य, दोन, तीन."

तिनं आकडे टाकले, डोळे मिटले, उघडले. पडद्यावर कुलपाचा कोड आला होता. तिनं तो वाचला, नंदाताईंनी एकेक आकडा दाबला. नेटवर्कच्या रेघा उमटल्या.

नंदाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "अहो, ठाऊक होतं तर बोलला का नाहीत कधी?"

"तू जूनमध्ये इतकी खूश असायचीस. म्हटलं, कशाला हिरमोड करा."

"आई, बस!" मैत्रेयी ओरडली, आणि पडदा काळा झाला.

थोड्या वेळानं मैत्रेयीचा मोबाइल वाजला. जपानचा नंबर. "बसले गं. सारंगशीही बोलले. यांना दे."

निशिकांतरावांनी फोन कानाला लावला. "नंदा? अगं, कुठे आहेस तू? सकाळपासून शोधतोय."



"येते हो," नंदाताई म्हणाल्या. "कोजागिरीच्या आत येते. दूध मी आटवीन. श्रीखंड आणू नका."